ओहोटीचा शेला कोणत्या रंगाचा?

माझी भाची शिवडीला राहते. दहावीची परीक्षा संपल्यापासून तिने एक पात्र रंगवायला घेतलंय, ओहोटी नावाची मुलगी. समुद्राचं पाणी मागे सरलं की ही चिखलातून वर येते, तिवरांच्या मुळांतून फिरते आणि भरती लागायच्या आत परत जाते. गोष्ट भाचीची, चेहराही तिनेच घडवलेला. अडलं ते रंगांपाशी. टॅबलेटवर झगमगणारी ओहोटी तिने दादरला जाऊन छापून आणली, तर कागदावर निळाई मळकट झालेली आणि लाल शेल्यात चेहरा हरवलेला. "मामा, रंग तर तेच आहेत ना?" या एका प्रश्नावर आमचे चार रविवार गेले.

रंग तेच नव्हते. टॅबलेटचा पडदा लाल, हिरवा आणि निळा उजेड स्वतः बाहेर टाकतो. कागदावरची शाई मात्र खोलीतल्या उजेडाचा काही भाग गिळते आणि उरलेला आपल्याकडे परत पाठवते. पडद्यावरचा लखलखीत निळा-हिरवा साध्या छपाईच्या शाईला जमतच नाही. दिव्याचाही यात वाटा असतो. साडीवर ब्लाउजपीस घेताना बायका दोन्ही दुकानाच्या दारात नेऊन बघतात, ते उगाच नाही. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेली जोडी उन्हात वेगळी निघू शकते, कारण दोन्ही कापडांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि उन्हात नि ट्यूबलाइटमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबींचं, म्हणजे उजेडातल्या वेगवेगळ्या रंगांचं, प्रमाणही सारखं नसतं.

म्हणून मी आधी तिला विचारलं, ओहोटी लोकांना दिसते कधी? "दिवेलागणीला," ती म्हणाली. मग डोळ्याचा विचार करायलाच हवा. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सुमारे ६० लाख शंकुपेशी आणि १२ कोटी दंडपेशी असतात. रंग ओळखायचं काम शंकुपेशींचं, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारून आलं की दंडपेशी काम हाती घेतात. त्या ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळसर हिरव्या उजेडाला सर्वांत चटकन प्रतिसाद देतात, आणि गडद लाल त्यांना जवळपास दिसतच नाही. १८२५ साली चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हा बदल नोंदवला. अंगणात किंवा गॅलरीतल्या कुंडीत जास्वंद असेल तर कातरवेळी दिवा न लावता दहा मिनिटं तिच्याकडे बघत राहा. दुपारी पानांपेक्षा उठून दिसणारं लालभडक फूल आधी काळवंडतं आणि पानं मात्र राखाडी उजळ राहतात. ओहोटीचा लाल शेला शिवडीच्या चिखलावर नेमका असाच विझला असता.

पण चेहरा तर भर उजेडात, कागदावरही हरवला होता. त्याचं कारण वेगळं. मी फोनवर चित्राचा फोटो काढला आणि त्यातले रंग काढून टाकून तो कृष्णधवल केला. गालांचा मातकट तपकिरी आणि शेल्याचा लाल, दोन्ही एकाच राखाडीत मिसळून गेले. रंग वेगळे होते, उजळपणा एकच होता. चित्रात आकार ओळखताना डोळा सर्वांत जास्त भिस्त ठेवतो ती उजळ-गडद फरकावर. टॅबलेटच्या पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. म्हणून लाल आणि हिरवा मिळून होणारा पिवळा लांबून डोळ्यांत भरतो, आणि शुद्ध निळा कितीही तेजस्वी वाटला तरी गडदच राहतो. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांना तर या उजळपणाचा आधार जास्तच लागतो. नवं पात्र रंगवणाऱ्या प्रत्येकाने रंगांच्या आधी ही कृष्णधवल परीक्षा घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

हे मी भाचीला परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात दाखवलं. अंगाचा रंग झालेल्या, दागिने रंगवलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या, तरी सगळ्या झोपल्यासारख्या. मूर्तिकार काकांनी डोळ्यांची आखणी सुरू केली. बारीक कुंचल्याने पापणीची काळी कड ओढली, पांढऱ्यात बुबुळ बसवलं, त्यावर पांढरा ठिपका ठेवला. सगळं काम दोन इंचांच्या आतलं, पण त्यानंतर मुकुटाकडे नजर जाईना. काळ्याला पांढरं लागून आल्यावर असं होतं. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी सपाट रंगाला थंड प्रतिसाद देतात आणि जिथे उजळ-गडद एकमेकांना भिडतात त्या कडेला जोराचा. भाचीने घरी येऊन ओहोटीचे डोळे नव्याने काढले.

शेजारचा रंगही फसवतो. पॅरिसच्या गोबेलिन्स विणशाळेत काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो, अशी तक्रार रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर लोकर उत्तम होती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा उतरलेला दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. ओहोटीच्या बाबतीत तिवरांच्या हिरव्यापुढे तिची मातकट कातडी आपोआप तांबूस दिसू लागली, आणि ते आम्हाला आवडलं म्हणून तसंच ठेवलं.

आता शेला. लाल बाद झाल्यावर मी कपाटातल्या साड्यांकडे बोट दाखवलं. आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, अबोली... मराठीत रंगांची नावं फळाफुलांवरून, पक्ष्यांवरून आलीत, आणि कल्पित पात्राचा रंगही असा कुठून तरी आलेला असला की पटतो. शिवडीच्या मुलीला कुठून हे शोधावं लागलं नाही. खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतातच. रोहिताचं पिल्लू राखाडी असतं. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन त्यांतली कॅरोटिनॉइड द्रव्यं, गाजराला रंग देणाऱ्या कुळातली, पिसांत उतरतात आणि पक्षी गुलाबी होत जातो. शेला गळलेल्या पिसांचा ठरला, रंग अबोलीकडे झुकणारा. उजळ असल्याने तो गडद चेहऱ्याच्या मागे छान उठला आणि संध्याकाळीही टिकला.

पापण्यांना मात्र तिला खंड्याच्या निळ्या पिसांची पूड लावायची होती. इथे मला तिला अडवावं लागलं. खंड्याच्या पाठीवर निळं रंगद्रव्य नाहीच. पिसाच्या केराटिनमध्ये, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनात, इतकी सूक्ष्म, स्पंजासारखी जाळी असते की तिच्यावरून विखुरणाऱ्या प्रकाशातला निळाच जोर धरतो. पीस कुटलं की जाळी मोडते आणि निळाही जातो. रोहिताचं पीस कुटलं तर गुलाबी उरतो, कारण तिथे खरोखरचं रंगद्रव्य आहे. भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने पापण्या पुसल्या, गालांवर गुलाबी पूड लावली आणि कानामागे खंड्याचं एक अख्खं पीस खोवलं.

परवा तिने शेवटचं चित्र पाठवलं. शेल्याचा खांद्यावरचा भाग जवळजवळ पांढरा पडलेला. मी फोन केला तर म्हणाली, "मामा, कॅरोटिनॉइड उन्हात विटतात, मी वाचलं. पावसाळ्याआधी रोहित निघून जातात, तोवर शेला विटलेला असणार. ते परत येईपर्यंत तिला तोच पांघरावा लागतो."