ड्राय सम्प इंजिनचं ऑइल आधी गाडी चालवून मगच का बघायचं, त्यामागची गोष्ट

ड्राय सम्प बाइक, म्हणजे जिचं तेल इंजिनच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत राहतं ती, नवीन नवीन हातात आली की पहिला गोंधळ ऑइल लेव्हलचाच होतो. सकाळी थंड इंजिनला डिपस्टिक (तेल मोजायची काठी) काढावी तर जेमतेम टोकाला तेल, कधी कधी पार कोरडी, आणि तीच गाडी थोडी फिरवून आणून बघितली तर लेव्हल एकदम व्यवस्थित. पण फिरवून बघण्याआधीच बहुतेक जण घाबरून अर्धा लिटर ओतून मोकळे होतात आणि मग एअर फिल्टर तेलात भिजलेला सापडतो. ही ओतण्याची सवय कुठून आली हे बघायचं तर मोटरसायकलच्या अगदी सुरुवातीला जावं लागतं.

तेव्हाच्या इंजिनात तेल परत यायचंच नाही. तेलाच्या टाकीतनं थेंब थेंब किंवा हातपंपाने तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या डब्यात सोडायचं, फ्लायव्हील ते उडवणार, बेअरिंगला, पिस्टनला लागेल तेवढं लागणार आणि बाकीचं जळून नाहीतर गळून जाणार, याला टोटल लॉस म्हणायचे. चालवणाऱ्याने ठराविक अंतराने एक पंप मारायचा, चढ लागला किंवा गाडी जोरात पळवली की अजून एक, आणि बरोबर पडतंय की नाही ते सायलेन्सरच्या धुरावरून ओळखायचं. हार्लेने 1915 मध्ये इंजिनवर चालणारा पंप दिला तरी जादा तेलासाठी हातपंप ठेवलाच होता. या काळात टाकीतली लेव्हल उतरली याचा अर्थ एकच, तेल संपलं, त्यामुळे बघितलं कमी की ओता हा हिशोब तेव्हा शंभर टक्के बरोबर होता.

मग तेल परत फिरवायची कल्पना आली. रॉयल एनफिल्डने तर पहिल्या महायुद्धाच्या आसपासच आपल्या छोट्या व्ही-ट्विनला गिअर पंपवाली ड्राय सम्प सिस्टिम दिली होती, आणि तिची तेलाची टाकी चक्क काचेची होती, म्हणजे लेव्हल बसल्या जागी दिसायची (इतकी सोपी सोय नंतर का टिकली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं). बाकीच्यांना वेळ लागला. हार्लेचं 1936 चं ईएल, ज्याला लोक नकलहेड म्हणतात, ते त्यांचं पहिलं तेल फिरवणारं ड्राय सम्प इंजिन, टाकी सीटखाली. 1937 ला ट्रायम्फचं स्पीड ट्विन आलं, तेही ड्राय सम्प, आणि पुढची कित्येक वर्षं ब्रिटिश ट्विन म्हटलं की तेलाची वेगळी टाकी हे ठरलेलंच. यात फायदेही खरे होते, जड फ्लायव्हील तेलात घुसळत नाहीत, खाली मोठा सम्प नसल्यामुळे इंजिन खाली बसवता येतं, गाडी कशीही वाकली तरी पंपाला तेल मिळत राहतं आणि टाकीत जाऊन तेल थोडं थंडही होतं.

आता खरी मेख. यात पंप दोन असतात, एक टाकीतलं तेल इंजिनला देणारा फीड पंप आणि दुसरा क्रँककेसच्या तळाचं तेल उचलून टाकीत परत टाकणारा स्कॅव्हेंज पंप. हा दुसरा मुद्दाम मोठा ठेवतात, ट्रायम्फच्या प्लंजर पंपात तर स्कॅव्हेंजचा प्लंजर नुसत्या डोळ्यांनी जाड दिसतो, कारण खाली तेल साचून राहिलेलं चालतच नाही. म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत जवळजवळ सगळं तेल टाकीत, पण इंजिन बंद झालं की पंपाला कोणी फिरवत नाही आणि टाकी असते वर, मग पंपाच्या गिअरच्या बारीक फटीतनं किंवा नीट न बसलेल्या बॉल व्हॉल्व्हमधनं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरायला लागतं. यालाच वेट सम्पिंग म्हणतात. नॉर्टनचे गिअर पंप यासाठी फारच प्रसिद्ध, गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकी जवळपास रिकामी. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचंही तेच, तिची तेलाची टाकी क्रँककेसच्याच कास्टिंगमध्ये असल्यामुळे अनेकांना ती ड्राय सम्प आहे हेच माहीत नसतं, पण बरेच दिवसांनी किक मारल्यावर जो निळा धूर निघतो त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

म्हणजे आता लेव्हल उतरली तरी तेल कुठे गेलेलं नसतं, फक्त खाली बसलेलं असतं, पण सवय मात्र टोटल लॉसच्या काळातलीच राहिली. वरून ओतलं, इंजिन चालू झालं, खालचं सगळं तेल वर आलं आणि टाकीत जागाच नाही, मग ते ब्रीदरमधनं (इंजिनची हवा सोडणाऱ्या नळीतनं) बाहेर किंवा एअर फिल्टरच्या डब्यात. नॉर्टनवाल्यांनी यावर उपाय म्हणून फीड पाइपला हाताने बंद करायचा कॉक लावला, तेल उतरणं थांबलं पण कॉक उघडायला विसरून इंजिनच जाम केलेले लोकही झाले, त्यामुळे हा उपाय मला अजिबात पटत नाही. शेवटी 1975 च्या कमांडो मार्क थ्रीला कंपनीनेच टायमिंग कव्हरमध्ये तेल अडवणारा व्हॉल्व्ह दिला.

दरम्यान टाकीची जागा बदलत गेली आणि गोंधळ वाढला. होंडाच्या बाकी गाड्या वेट सम्प (तेल इंजिनच्या तळाशीच) असताना 1969 ची सीबी 750 मात्र ड्राय सम्प, टाकी साइड कव्हरजवळ, आणि पुढे 1979 च्या डबल कॅमच्या मॉडेलला ते परत वेट सम्पवर गेले. 1971 ला बीएसए-ट्रायम्फने तेल फ्रेमच्या जाड नळीतच भरलं, सीट उंच झाली म्हणून लोक ओरडले ते वेगळंच. यामाहाच्या एक्सटी 500 आणि 1978 पासूनच्या एसआरमध्येही तेल फ्रेममध्येच, डिपस्टिक हँडलच्या मागे. अशा उंच, अरुंद नळीत थोडं तेल कमीजास्त झालं तरी काठीवर मोठा फरक दिसतो, आणि गाडी तिरकी असेल तर विचारूच नका.

म्हणून मॅन्युअलमध्ये ती सगळी लांबलचक प्रोसिजर आली, आधी गाडी चालवून गरम करा, थोडा वेळ आयडलिंगवर ठेवा, बंद करा, फेस बसायला दोन-तीन मिनिटं द्या आणि लगेच बघा, तासाभराने नाही. गाडी सरळ उभी की साइड स्टँडवर हे मॉडेलप्रमाणे बदलतं, हार्लेच्या बऱ्याच मॉडेलना स्टँडवरच बघायला सांगतात, तिथे आपली अक्कल न चालवता मॅन्युअलचं ऐकावं. हार्ले थंड इंजिनला पण बघायला सांगते पण ते फक्त चालू करण्याइतकं तेल आहे ना एवढ्यापुरतं, फुल मार्कपर्यंत थंडपणी भरायचंच नाही.

कमी निघालं तर शंभर-दीडशे मिली टाकून, परत इंजिन चालवून परत बघायचं. जास्त झालं असेल तर टाकीतनं सिरिंजने किंवा ड्रेनमधनं काढायचं, आपोआप जळेल म्हणून सोडू नका. फार दिवस उभी असलेली गाडी असेल तर चालू करायच्या आधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट उघडून खाली उतरलेलं तेल मोजून काढायचं आणि स्वच्छ असेल तर तेवढंच टाकीत परत टाकायचं, सील वाचतात. ऑइल चेंजलाही सगळं तेल एकदम ओतू नये, कारण इंजिनात आणि पाइपात थोडं जुनं राहिलेलंच असतं.

आणि इंजिन चालवूनही लेव्हल वर आली नाही तर ओतायच्या आधी टाकीचं झाकण उघडून रिटर्न बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांना तिथे तेल हवेबरोबर थुंकत थुंकत पडताना दिसतं. ते पडत नसेल तर तेल कमी नाहीये, स्कॅव्हेंज पंप उचलत नाहीये, बॉलखाली कचरा असेल नाहीतर पंप झिजला असेल, लगेच इंजिन बंद करून आधी तो खोलावा.