म्युझिक सर्व्हर आणि स्ट्रीमर : संग्रह राखणारे यंत्र आणि तो वाजवणारे यंत्र

घरातील सीड्या संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि तो सगळा संग्रह बैठकीच्या खोलीतील स्पीकरवर फोनवरून निवडून ऐकावा, अशा इच्छेने नागपुरातील सीताबर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन दुकानांत चौकशी करणाऱ्याला म्युझिक सर्व्हर आणि स्ट्रीमर ही दोन नावे सतत एकमेकांच्या जागी वापरलेली आढळतात. दोन्ही यंत्रे लहानशा पेटीच्या रूपात येतात, दोन्हींना नेटवर्कची केबल जोडता येते, दोन्हींसोबत फोनवरचे अ‍ॅप असते, आणि काही यंत्रांत दोन्ही कामे खरोखरच एकत्र केलेली असतात. त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. परंतु ही कामे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत, आणि तो भेद न ओळखता केलेल्या खरेदीत पैसा नको तिथे खर्च होतो. आवाज सुधारावा म्हणून महागडा सर्व्हर घेतला जातो, किंवा गाणे चटकन सापडावे म्हणून महागडा स्ट्रीमर. दोन्ही वेळा मूळ अडचण जागच्या जागी राहते.

सर्व्हरचे काम ग्रंथपालाचे आहे. संगीताच्या फाइली कुठे आहेत, त्यांत कोणता कलाकार, कोणता राग, कोणते साल नोंदलेले आहे, याची सूची तो तयार करतो आणि मागणी आली की नेमकी ती फाइल नेटवर्कवरून पुरवतो. त्याला स्पीकर जोडलेला असण्याची काहीच आवश्यकता नाही. घरातील जुना संगणक, नॅस म्हणून ओळखली जाणारी नेटवर्कवरची डिस्क-पेटी किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, यांपैकी कशावरही मिनिमसर्व्हर अथवा लिरियन म्युझिक सर्व्हरसारखे सॉफ्टवेअर बसवले की सर्व्हर तयार होतो. स्ट्रीमर मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी बसतो, मागितलेली फाइल नेटवर्कवरून उचलतो, तिच्यातील अंकांचा प्रवाह मोकळा करतो आणि स्वतःच्या किंवा बाहेर जोडलेल्या डॅकमधून त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करून अ‍ॅम्प्लिफायरकडे देतो. ब्लूसाउंड कंपनीची दोन यंत्रे शेजारी ठेवली तर फरक स्पष्ट दिसतो : नोड हा स्ट्रीमर आहे आणि त्यात संग्रहासाठी डिस्क नाही, व्हॉल्टमध्ये सीडी उतरवण्याची सोय आणि हार्ड डिस्क आहे, म्हणजे त्यात संग्रह राखण्याचे कामही सामावलेले आहे.

येथे एक मधली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. डिस्कवरील फोल्डर नेटवर्कवर नुसते शेअर केले, म्हणजे सर्व्हर झाला असे होत नाही. शेअर केलेल्या फोल्डरला आपल्यातल्या फाइलींची नावे ठाऊक असतात, गाण्यांची नाहीत. नोडसारखे काही स्ट्रीमर असे फोल्डर स्वतः वाचून स्वतःची सूची बनवतात, त्यामुळे त्यांच्यासोबत वेगळा सर्व्हर लागत नाही. पण तेव्हा सूची किती चांगली, हे त्या स्ट्रीमरच्या कुवतीवर ठरते. सोनोस या कंपनीच्या यंत्रणेत अशा सूचीला ६५,००० गाण्यांची मर्यादा आहे. घरगुती संग्रह सहसा तिथवर जात नाही, पण मर्यादा स्ट्रीमरकडून येते, डिस्ककडून नाही, हे त्यावरून कळते.

फोनचे स्थान तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. घरातील यंत्रांना नेटवर्कवरून एकमेकांकडचे संगीत वाजवू देणारी डीएलएनए ही व्यवस्था ज्या यूपीएनपी या नियमावलीवर उभी आहे, तिच्यात सर्व्हर, वाजवणारे यंत्र आणि नियंत्रक अशा तीन भूमिका आहेत, आणि फोन हा केवळ नियंत्रक असतो. संगीत फोनमधून जात नाही. फोन स्ट्रीमरला फाइलचा पत्ता देतो आणि स्ट्रीमर ती थेट सर्व्हरकडून घेतो. ब्लूटूथमध्ये हे उलट आहे : तेथे गाणे फोनमधूनच जाते आणि सर्वसाधारणपणे वाटेत त्यातील काही अंश कमीही होतो. म्हणून संग्रह काळजीपूर्वक जपलेल्या माणसाने ब्लूटूथवर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र साध्या यूपीएनपी व्यवस्थेत गाण्यांची रांग फोनवरील अ‍ॅपकडे असते. त्यामुळे घरातील माणूस फोन खिशात घालून बाहेर पडला की चालू गाणे संपते आणि पुढचे सुरूच होत नाही. दोष यंत्राचा नसून रांग कोणाकडे ठेवली आहे याचा आहे. लिन कंपनीने पुढे आणलेल्या ओपनहोम पद्धतीत रांग वाजवणाऱ्या यंत्राच्या बाजूला राहते, तर लिरियनमध्ये ती सर्व्हरकडे राहते. यांपैकी एक पद्धत आपल्या यंत्रांना चालते की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

आता आवाजाचा प्रश्न, कारण सर्वांत जास्त भ्रम येथेच आहेत. सीडीतील संगीत १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या प्रमाणात साठवलेले असते, म्हणजे दोन्ही वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. फ्लॅक या पद्धतीत तेच संगीत एकही बिट न गमावता साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत मावते. सर्व्हर ही फाइल नेटवर्कवरून पाठवतो तेव्हा वाटेत हरवलेला भाग पुन्हा मागवला जातो. स्ट्रीमरच्या हाती पोचते ती तंतोतंत तीच फाइल. म्हणून जुन्या लॅपटॉपवरील सर्व्हर आणि लाखभर रुपयांचा सर्व्हर यांच्याकडून आलेले बिट सारखेच असतात. नेटवर्क कमकुवत असेल तर गाणे अडखळते किंवा थांबते. तंबोरा धूसर झाला, तार सप्तकातील धार गेली, असे त्यामुळे घडत नाही. अपवाद एकच : सर्व्हरच्या सेटिंगमध्ये फाइल एमपीथ्रीत बदलून पाठवणे किंवा आवाजाची पातळी सारखी करणे चालू राहिले असेल, तर तो बदल सर्व्हर करतो आणि तो बंद करावा लागतो. एरवी आवाजाचा दर्जा डॅक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली यांवर अवलंबून असतो, आणि पैसा खर्च करायचा तर तो या बाजूला करावा.

स्ट्रीमर निवडताना शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याने एक गोष्ट आग्रहाने तपासावी, ती म्हणजे दोन ट्रॅकमधील सलगता. अनेक सीड्यांवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, पण गायन अखंड चालू असते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात टाळ्या, तंबोरे, साथीदाराचा एखादा ठेका, सारे एका ट्रॅकमधून दुसऱ्यात सलग वाहत जाते. त्यासाठी वाजवणाऱ्या यंत्राने पुढच्या फाइलचा पत्ता आधीच स्वीकारून ती तयार ठेवावी लागते. यूपीएनपीत ही आज्ञा ऐच्छिक आहे, त्यामुळे काही स्वस्त स्ट्रीमर ती पाळत नाहीत आणि नेमक्या समेच्या तोंडावर अर्धा सेकंद शांतता पडते. सर्व्हर बदलून हा दोष सहसा जात नाही. दुकानात ऐकून पाहताना आपल्या ओळखीची अशी एक दोन ट्रॅकची रचना सोबत न्यावी, आणि त्या सांध्यापाशीच कान द्यावा.

उलट, हवे ते गाणे सापडणे हा जवळजवळ संपूर्णपणे सर्व्हरचा आणि त्याहूनही आधी फाइलींमधील टॅगचा, म्हणजे फाइलीतच नोंदलेल्या कलाकार, अल्बम अशा माहितीचा, विषय आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे उदाहरण घ्या. त्यांचे संगीताचे सुरुवातीचे शिक्षण नागपुरात झाले आणि शहराच्या सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचे नाव आहे, तेव्हा त्यांची ध्वनिमुद्रणे नसलेला संग्रह येथे विरळाच. एका सीडीवर नाव ‘डॉ.’सह, दुसरीवर त्याशिवाय, तिसरीवर नुसतेच ‘वसंतराव’, चौथीवर रोमन लिपीत, अशी नोंद झाली की सर्व्हर चार वेगळे गायक दाखवतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते. नाट्यसंगीतात गुंतागुंत वाढते. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ मधील नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि पद गाणारे वसंतराव. हीच पदे पुढे अनेकांनी गायली. कलाकार या एकाच रकान्यात ही सगळी नावे कोंबली, तर ‘अभिषेकीबुवांनी संगीत दिलेले’ आणि ‘अभिषेकीबुवांनी गायलेले’ हे वेगळे काढणे अशक्य होते. गायक, संगीतकार, गीतकार यांना स्वतंत्र टॅग द्यावेत, आणि अल्बमच्या कलाकाराचा टॅग वेगळा भरावा. नाहीतर अनेक गायकांची एकच सीडी सूचीत तुकड्यातुकड्यांनी विखुरते.

फ्लॅकचा एक मोठा लाभ असा की त्यात हवा तो टॅग नव्या नावाने जोडता येतो. राग, ताल, घराणे, मैफलीचे ठिकाण, असे रकाने आपणच निर्माण करू शकतो आणि त्यांत देवनागरी मजकूरही निर्वेध राहतो. पण टॅग फाइलमध्ये असणे आणि तो पडद्यावर निवडीसाठी दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि येथे सर्व्हरची निवड निर्णायक ठरते. मिनिमसर्व्हरमध्ये आपण सांगू त्या टॅगची सूची बनवता येते, त्यामुळे यमन निवडला की संग्रहातील सगळे यमन, गायक कोणीही असो, एकत्र येतात. फोल्डर वाचून स्वतःची सूची बनवणारे बहुतेक स्ट्रीमर कलाकार, अल्बम, प्रकार अशा ठरावीक रकान्यांपलीकडे जात नाहीत. ते पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला पुरते, रागसंगीताला पुरत नाही. माझ्या मते मराठी आणि हिंदुस्थानी संगीताचा संग्रह बाळगणाऱ्याने वेगळा सर्व्हर ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. मराठी सीड्यांची माहिती ऑनलाइन कोशांतून आपोआप आली तरी तिच्यातील शुद्धलेखन आणि श्रेय तपासल्याशिवाय ती स्वीकारू नये. सीडी उतरवतानाच हे काम केले तर ते सुसह्य होते; चारशे सीड्या उतरवून झाल्यावर ते डोंगराएवढे दिसते.

जागेचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. तासाभराच्या चारशे सीड्या मूळ स्वरूपात सुमारे २५० गिगाबाइट होतात आणि फ्लॅकमध्ये त्याहून बऱ्याच कमी, म्हणजे ५०० गिगाबाइटची एसएसडी पुरेशी आहे.

नागपुरात दोन यंत्रांची जागाही वेगवेगळी विचारात घ्यावी लागते, आणि ती वेगळी घेतल्याचा फायदा येथे ठळकपणे दिसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील बंद खोली रात्रीही निवत नाही, आणि घरगुती नॅसची अनेक मॉडेले ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. फिरत्या डिस्कची पेटी माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवणे म्हणून टाळावे. तळमजल्यावरील, हवा खेळती असलेली खोली बरी. कूलरच्या झोतासमोरही तिला ठेवू नये, कारण त्या गार हवेसोबत ओलावा आणि धूळ दोन्ही येतात. रास्पबेरी पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांजवळ पोचला की आपला वेग कमी करू लागतो. गाणी पुरवण्याच्या हलक्या कामात तशी वेळ सहसा येत नाही, पण हजारो फाइलींची सूची नव्याने बनवताना येऊ शकते, म्हणून ते काम रात्री लावावे आणि प्रोसेसरला उष्णता शोषणारी धातूची पट्टी बसवावी. स्ट्रीमरला ही काळजी फारशी लागत नाही. त्याच्यात फिरणारे काही नसते, आणि नको तेव्हा तो बंद ठेवता येतो.

वीज अचानक गेली तर स्ट्रीमर नुसता बंद पडतो. सर्व्हर त्या क्षणी डिस्कवर लिहीत असेल तर फाइल-व्यवस्था बिघडू शकते. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर आणि राउटर दोन्ही घ्यावेत, स्ट्रीमर घेतला नाही तरी चालेल. रास्पबेरी पायचाच स्ट्रीमर केला असेल तर मात्र त्याच्या मेमरी कार्डालाही तोच धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी पायकोअरप्लेअरसारखी प्रणाली सुरू होतानाच सारे कार्डावरून संगणकाच्या रॅममध्ये उचलून घेते.

सर्व्हर राउटरच्या शेजारी केबलने जोडावा, हा नियम कोणत्याही घरात लागू आहे. स्ट्रीमरचे तसे नाही. सीडीच्या दर्जाच्या संगीताला दीड मेगाबिटही लागत नाही आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ संगीतालाही सेकंदाला साडेनऊ मेगाबिटच्या आत काम भागते, त्यामुळे धरमपेठेतील साध्या फ्लॅटमध्ये वाय-फाय पुरते. महाल भागातील जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून मात्र वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा संकेत सहसा नीट पार होत नाही, आणि तेथे केबल ओढणे हाच खात्रीचा उपाय आहे.

दोन्ही कामे वेगळी ठेवण्याचा आणखी एक लाभ आयुर्मानाचा आहे. स्क्वीझबॉक्स हे स्ट्रीमर बनवणारी स्लिम डिव्हायसेस कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने विकत घेतली आणि २०१२ मध्ये ती यंत्रे बनणे थांबले. परंतु त्यांच्यासाठी लिहिलेला सर्व्हर मुक्त स्रोत असल्यामुळे लिरियन या नव्या नावाने आजही चालू आहे, आणि ज्यांनी आपले टॅग नीट भरले होते त्यांना नवा स्ट्रीमर आणताना संग्रहाला हातही लावावा लागला नाही. दोन्ही कामे करणारे जोडयंत्र घेणे चूक आहे असे मात्र नाही. ज्यांच्या घरी संगणकाची देखभाल करणारे कोणी नाही, ज्येष्ठांना सीडी आत सरकवली की ती आपोआप उतरावी एवढेच हवे आहे, त्यांना व्हॉल्टसारखी एकच पेटी अधिक सोयीची पडते. तेव्हा त्या पेटीतील संग्रहाची दुसरी प्रत एका सुट्या डिस्कवर काढून ती घराबाहेर, एखाद्या नातलगाकडे ठेवावी, कारण पेटीत दोन डिस्क असल्या तरी चोरी, आग किंवा चुकून झालेली पुसापुशी यांपासून त्या एकमेकींना वाचवू शकत नाहीत.