फ्रास्काती वेगळं, ऑस्लो वेगळं

विज्ञानधोरणावरचा कुठलाही लेख उघडा. मथळ्यात 'इनोव्हेशन' असतं आणि खाली आकडा असतो संशोधन-विकासावर जीडीपीच्या किती टक्के खर्च झाला याचा. या विषयात अर्थतज्ज्ञ म्हणून काम करू पाहणारेही इनोव्हेशन आणि संशोधन-विकास एकच समजण्याचा हाच घोळ सोबत घेऊन येतात, आणि पुढे अहवाल लिहायला लागले की तो अहवालातही उतरतो.

संशोधन-विकास बहुतेकांना ठाऊक असतं, त्यामुळे ते थोडक्यात उरकतो. ते मोजायचं कसं, हे ओईसीडीने, म्हणजे मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने, १९६३ साली इटलीतल्या फ्रास्काती गावी भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरवलं. त्या नियमांचं पुस्तक म्हणजे फ्रास्काती मॅन्युअल. मूलभूत संशोधन, उपयोजित संशोधन आणि प्रायोगिक विकास असे तीन कप्पे. इनोव्हेशन मोजायचं ऑस्लो मॅन्युअल आलं १९९२ मध्ये. दोन्हींच्या मुखपृष्ठावर संस्था एकच, त्यामुळे ऑस्लो ही फ्रास्कातीची सुधारित आवृत्ती आहे असं खुशाल समजणारे भेटतात. तसं नाही. फ्रास्कातीची २०१५ची आणि ऑस्लोची २०१८ची आवृत्ती आज शेजारी-शेजारी वापरात आहेत.

आता जिथे खरी गाडी अडते तिथे येऊ. फ्रास्काती विचारतं, काम कसलं होतं? ते नवं, सर्जनशील, पद्धतशीर, इतरांना वापरता किंवा पुन्हा करून पाहता येईल असं हवं, आणि मुख्य म्हणजे त्याचा निकाल आधीपासून माहीत नसावा. ऑस्लोला यातल्या कशाशीच देणंघेणं नाही. त्याचे प्रश्न दोन. वस्तू, सेवा किंवा कामाची पद्धत तुमच्या आधीच्यापेक्षा लक्षणीय वेगळी आहे का? आणि ती ग्राहकापुढे आली का, किंवा तुमच्याकडे प्रत्यक्ष वापरात आली का?

'तुमच्या आधीच्यापेक्षा' या दोन शब्दांवरून लोक हमखास उडी मारून पुढे जातात. एखाद्या कारखान्याने साठा आणि ऑर्डरी सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि कामाची पद्धत खरोखर बदलली, तर ऑस्लोच्या लेखी ते इनोव्हेशन. जगात हजार कंपन्या ते आधीपासून वापरत असल्या तरी. फ्रास्कातीच्या वहीत मात्र तिथे शून्य. उलट, औषध कंपनीने एका रेणूवर वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तो आपटला, तर त्यातला पै-पैसा संशोधन-विकासात मोजला जातो, पण इनोव्हेशन काहीच नाही. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना बनवला. ऑस्लोचा नियम मागे नेऊन लावला, तर कोडॅकच्या खात्यात त्या वर्षी त्याबद्दल काहीच जमा होत नाही, कारण तो कॅमेरा कुणाला विकत मिळत नव्हता.

हद्दीवरचा एक नमुना पाहा: प्रायोगिक प्रकल्प, म्हणजे पायलट प्लांट. माहिती आणि अनुभव मिळवणं हा त्याचा मुख्य हेतू असेल तोवर फ्रास्काती तो धरतं. तोच प्रकल्प नेहमीचं विक्रीयोग्य उत्पादन काढू लागला की बाहेर. यंत्रं तीच, कामगार तेच, हेतू बदलला. हिशेबनीस मंडळी इथेच गडबडतात.

ऑस्लोच्या २००५च्या आवृत्तीने इनोव्हेशनचे चार प्रकार केले होते, २०१८ने ते दोनावर आणले: उत्पादन आणि व्यवसाय-प्रक्रिया. परीक्षेपुरतं ठीक, त्याने फारसं काही अडत नाही.

मला खरी चीड येते ती 'खर्च वाढवा, इनोव्हेशन आपोआप येईल' या गृहीतकाची. युरोपीय संघाने २००२ मध्ये बार्सिलोनात जीडीपीच्या ३ टक्क्यांचं लक्ष्य ठरवलं, ते संशोधन-विकासाच्या खर्चाचं. असं लक्ष्य ठेवायला हरकत नाही, पण त्याला इनोव्हेशनचं लक्ष्य म्हणू नये. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यामागचा माल्कम मॅक्लीन हा ट्रकवाहतुकीच्या धंद्यातला माणूस. अभियांत्रिकीचं काम जरूर झालं, पण मालवाहतूक बदलली ती जहाज, बंदर आणि ट्रक यांची सांगड घातल्यामुळे. संशोधन-विकासाच्या टक्केवारीत हे शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागेल.

गंमत अशी की फ्रास्कातीचा मूळ मसुदा लिहिणारे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन खर्चाच्या आकड्यापाशी थांबले नाहीत. १९६६ मध्ये त्यांनी ससेक्स विद्यापीठात विज्ञानधोरणाचं संशोधन केंद्र उभं केलं. तिथल्या सॅफो प्रकल्पात यशस्वी आणि फसलेल्या इनोव्हेशनच्या जोड्या लावून तुलना झाली, आणि सर्वांत ठळक फरक निघाला तो वापरणाऱ्याची गरज नेमकी ओळखण्यातला. त्यांच्या वाटेने जायचं असेल तर आधी फ्रास्कातीचं दुसरं प्रकरण वाचा, मग ऑस्लोचं तिसरं. व्याख्या तिथेच आहेत. इनोव्हेशन निर्देशांकांतल्या देशांच्या क्रमवाऱ्या नंतर चाळल्या तरी चालतील.