प्रार्थना आणि उत्तर (हिब्रू धर्मग्रंथांतील)

हिब्रू धर्मग्रंथांत (तनाख, ख्रिस्ती परंपरेत ‘जुना करार’) प्रार्थनेला ‘तेफिला’ म्हणतात. देवाच्या प्रतिसादासाठी ‘आना’, म्हणजे उत्तर देणे, हे क्रियापद येते. मात्र उत्तर मिळाले म्हणजे मागणे पुरे झाले, असे हे ग्रंथ मानत नाहीत.

फळलेल्या प्रार्थनेची सर्वांत हृद्य कथा हन्नेची आहे (१ शमुवेल १). मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी हन्ना शिलोच्या मंदिरात रडत नवस बोलते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही; याजक एलीला ती दारू प्यायलेली वाटते. पुढे तिला शमुवेल होतो, आणि अंगावरचे दूध सुटताच ती त्याला त्याच मंदिरात आणून देवाला वाहते. ज्याच्यासाठी एवढा आकांत केला, तेच मूल तिने देऊन टाकले. ओठ हलवत पण हलक्या आवाजात प्रार्थना करण्याचा यहुदी प्रघात तालमूदने (यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथाने) हन्नेवरूनच सांगितला आहे. रोश हशानाच्या (यहुदी नववर्षाच्या) पहिल्या दिवशी तिची कथा वाचली जाते.

राजा दावीदाचे उलटे झाले. आजारी तान्ह्या मुलासाठी त्याने उपास धरला, रात्री जमिनीवर काढल्या. सातव्या दिवशी मूल गेले. तेव्हा तो उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन आला आणि जेवला. सेवकांना याचे नवल वाटले. तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही (२ शमुवेल १२).

इस्राएलांचा नेता मोशे याने बहीण मिर्यामसाठी केलेली प्रार्थना मूळ हिब्रूत अवघ्या ५ शब्दांची आहे, आणि मिर्याम बरी झाली. स्वतःसाठी मात्र त्याने यार्देन नदीपलीकडचा देश मागितला, तेव्हा ‘पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस’ असे उत्तर आले. देश त्याला डोंगरावरून दुरूनच दिसला. संदेष्टा एलीयाने कर्मेल डोंगरावर प्रार्थना केली आणि आकाशातून अग्नी उतरला. लगेच पुढच्या अध्यायात तो रानात मरण मागतो. मरण येत नाही. देवदूत भाकरी आणि पाणी ठेवून ‘ऊठ, खा’ म्हणतो. याच एलीयाच्या, म्हणजे एलियाहू हन्नबीच्या, नावाने कोकणातले बेने इस्राएल (मराठी बोलणारा यहुदी समाज) नवस बोलतात आणि फेडताना मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) करतात.

नकाराचे कारण काही ठिकाणी स्पष्ट दिले आहे. संदेष्टा यशयाच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो, तुमचे हात रक्ताने भरले आहेत, कितीही प्रार्थना करा, मी ऐकणार नाही. संदेष्टा यिर्मयाला तर लोकांसाठी प्रार्थना करण्याचीच मनाई होते. निरपराध असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाला वावटळीतून उत्तर मिळते, पण ‘माझ्यावरच का?’ याचा उलगडा त्यात नाही.

८८ व्या स्तोत्रात तेवढेही नाही. ते म्हणणारा रात्रंदिवस हाका मारतो. त्याने कोणते पाप केले हे सांगितलेले नाही, आणि उत्तरही येत नाही. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे, आणि तरीही १५० स्तोत्रांच्या संग्रहात ते प्रार्थना म्हणूनच ठेवले गेले.