प्रत्येक पांढरा ठिपका ‘व्हाइट स्पॉट’ नसतो

माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे कण दिसले, की टाकीत मासे पाळणारा छातीठोकपणे ‘व्हाइट स्पॉट’ हा रोग झाला म्हणतो आणि औषधाची बाटली उघडतो. बहुतेकदा त्याचं बरोबरही असतं. पण नर गोल्डफिश विणीला आला, की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला असेच पांढरे, टणक दाणे उठतात. ही तारुण्यपीटिकाच म्हणा ना! दाणे एवढ्याच जागी असतील, दोन्ही बाजूंना सारखे असतील आणि मासा मजेत खातपीत असेल, तर बाटली बंद करा.

खरा व्हाइट स्पॉट घडवतो तो एक एकपेशीय जीव, इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. १८७६ साली मिळालेल्या या लांबलचक नावाचा अर्थ साधारण ‘पोरांचं लेंढार असलेली माशाची ऊ’ असा होतो. ऊ हे काही खरं नाही, लेंढार मात्र शंभर टक्के खरं. आपल्याला दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीखाली दडून माशाच्या पेशी खात बसलेला हा जीव. वर कातडीचं पांघरूण असल्यामुळे तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं, की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाशी चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत दुभंगत राहतो. एकाची शेकडो पिल्लं होतात, कधी हजारापर्यंत. ती पोहत सुटतात आणि दोनएक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाला सापडतात ती याच अवस्थेत. २५ अंशांच्या आसपास हे सगळं चक्र आठवडाभरात उरकतं, थंड पाण्यात काही आठवडे घेतं.

म्हणूनच तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध थांबवणं घातक. ठिपके गेलेले नसतात, तळाशी बाळंतपणाला गेलेले असतात.

चक्र लवकर फिरावं म्हणून या रोगात पाणी थोडं गरम करण्याची रीत आहे. इथे निदान चुकलं तर पंचाईत होते. माशाच्या तोंडावर किंवा पाठीवर कापसासारखा पांढुरका थर दिसला, की लोक ‘बुरशी’ म्हणतात. कधी ती खरोखर सॅप्रोलेग्निया असते, जखमेवर रुजणारी, लोकरीसारखी मोकळ्या तंतूंची. (शास्त्रज्ञ तिला खरी बुरशी मानत नाहीत, पण तो वाद टाकीबाहेरचा.) कधी मात्र तो कॉलम्नॅरिस नावाचा जीवाणू असतो, आणि त्याला उबदार पाणी मानवतं. हीटर वाढवलात, तर तुम्ही त्याचीच सरबराई करता. बुरशीचं औषध जीवाणूवर चालेलच असंही नाही.

ठिपके अगदी बारीक, सोनेरी धुळीसारखे असतील, तर खोलीत अंधार करून माशावर तिरपा टॉर्च मारा. धूळ चमकली तर तो ‘व्हेल्व्हेट’. हा परजीवी हरितद्रव्य बाळगतो आणि उजेडावर थोडंफार अन्न स्वतःच तयार करतो, म्हणून उपचाराच्या वेळी टाकी झाकून ठेवतात.

सर्वांत फसवा मासा तो, ज्याच्या अंगावर काहीच नाही, पण जो वर येऊन धापा टाकतो. इथे आधी पाणी तपासायचं. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. टेस्ट किटवर दोन्ही शून्य हवेत. धाप फक्त पहाटे लागत असेल, तर रात्रभर श्वसन करणाऱ्या पाणवनस्पतींवर संशय घ्या. पाणी निर्दोष आहे, मासा दगडांना अंग घासतोय, एक कल्ला मिटून धरतोय, असं असेल तर कल्ल्यांतले चपटे कृमी आठवावेत. त्यांतला डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंडी सहसा औषधाला दाद देत नाहीत, म्हणून पिल्लं बाहेर आल्यावर दुसरा डोस लागतोच. जायरोडॅक्टिलस थेट पिल्लं देतो, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच वाढत असतं! कृमीच्या डोक्याकडे चार काळे डोळ्याचे ठिपके दिसले तर पहिला, नसले तर दुसरा.

हे ठिपके पाहायला शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो. ओल्या हातात मासा हलकेच धरायचा, परामागच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे काचेची कड अलगद ओढायची, आलेला चिकट द्रव टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात ठेवून ४० ते १०० पट मोठा करून पाहायचा. व्हाइट स्पॉटचा जीव सावकाश गडगडताना दिसतो आणि त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असतं. कल्ल्यांचा नमुना घेणं मात्र नाजूक काम, ते जाणकारावरच सोपवावं.

नमुना आजारी पण जिवंत माशाचाच हवा. मासा मेला, की बरेच परजीवी त्याला सोडून जातात किंवा तेही मरतात, आणि कुजवणारे जीवाणू काही तासांत सगळीकडे माजतात. रात्री मेलेला मासा सकाळी तपासलात, तर काचेखाली दिसतात ते नंतर जेवायला आलेले पाहुणे.