ड्रॅगन फ्रूटला फड्या निवडुंग समजू नका

बांधावरचा फड्या निवडुंग कोणाला सांगायला नको: चपट्या फड्या, पिवळी-केशरी फुलं, लाल बोंडं. घोळ होतो तो त्याच्यावरून ड्रॅगन फ्रूटची लागवड बेतली की. "निवडुंगच तो, पाणी कशाला?" असं म्हणून खडकाळ माळावर रोपं लावायची आणि सुकली की नर्सरीवाल्याला शिव्या घालायच्या!

कूळ एकच, दोघंही मूळचे अमेरिकेतले. पण फड्या उघड्या रानातला, तर ड्रॅगन फ्रूट मध्य अमेरिकेच्या जंगलातला वेल. हवाई मुळांनी बुंध्याला धरून चढतो, वर झाडाची सावली, खाली कुजका पाला. म्हणून त्याची मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. ती लवकर सुकतात आणि पाणी तुंबलं तर तितक्याच लवकर कुजतात. तेव्हा गादीवाफा करा, भरपूर शेणखत घाला आणि उन्हाळ्यात ठिबकनं आठवड्यातून दोनदा रोपामागे 2 ते 4 लिटर पाणी द्या. एकदाच पाट सोडून मोकळं होणं सगळ्यात वाईट.

उन्हाचंही तेच. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडच्या फांद्या पिवळ्या पडतात. तो रोग नव्हे, होरपळ आहे. बुरशीनाशक मारून काही होत नाही, शेडनेट ताणा. होरपळलेला भाग तसाच ठेवला तर पावसाळ्यात तिथूनच कूज शिरते.

आधाराला जमिनीवर साधारण 5 फूट खांब आणि माथ्यावर कडं. कड्यापर्यंत एकच शेंडा चढवा, बाजूचे फुटवे काढा. फुलं मुख्यतः कड्यावरून लोंबणाऱ्या फांद्यांना येतात. फुलापासून महिनाभरात फळ तयार. फड्याला यातलं काही लागत नाही: फडी दोन आठवडे सावलीत सुकवा, अर्धी मातीत खोचा, झालं.

खाताना मात्र उलट. ड्रॅगन फ्रूट चिरून चमच्यानं खा. बोंडाला उघड्या हातानं शिवूच नका. मोठ्या काट्यांपेक्षा ठिपक्यांवरची बारीक कुसळं वाईट, दिसत नाहीत आणि जिभेत रुततात. चिमट्यात धरून विस्तवावर फिरवा, दोन्ही टोकं कापा, उभी चीर देऊन साल सोडवा. बिया कठीण असतात, म्हणून रस गाळून घेतलेला बरा. बोंडं किंवा लाल गराचं ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, रंग बीटाच्याच जातकुळीचा आहे.