इंजिन तापणं: जुन्या गाडीची वाफ, नव्या गाडीचं वाकलेलं हेड

पसरणी घाटात नाहीतर खंबाटकीच्या चढाला बोनेट उघडून उभी असलेली अँबेसेडर आणि डबा घेऊन पाणी शोधत फिरणारा ड्रायव्हर, साताऱ्यातल्या पन्नाशीच्या लोकांनी हे भरपूर बघितलंय. आता ते फार दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं नव्या गाड्या तापतच नाहीत. तापतात कमी हे खरंय, पण जुनी गाडी तापली की तासाभरात गार होऊन पुढं निघायची आणि नवी तापली की थेट टोइंगवर जाते.

इंधन जळून जी उष्णता तयार होते त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश पाण्याच्या वाटेनं बाहेर काढावी लागते. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी नुसतं उकळून उडून जायचं आणि वरनं ओतत राहायचं. पुढं १९०१ च्या मर्सिडीजसाठी मायबाखनं बारीक नळ्यांचा रेडिएटर काढला, मग पंप, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारा वॉल्व्ह) हे सगळं आलं, पण घाटवाल्यांसाठी मोठी गोष्ट म्हणजे प्रेशर कॅप. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं, झाकणानं एक बार जादा दाब धरला की तेच ११८ च्या आसपास जातं. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडलं की पाणी तोंडावर येतं.

अँबेसेडरचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन पळतात तो इंजिनचा खालचा भाग, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेडपण बिडाचं, दोन्ही सारखंच फुगायचं. शिवाय वाफ लगेच समोर दिसायची त्यामुळं ड्रायव्हर थांबायचाच. नंतर वजन कमी करायला अ‍ॅल्युमिनियमचं हेड सर्रास आलं. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, पण वरनं बोल्टनं आवळलेलं, जाणार कुठं, मग ते वाकतं, हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट दबतं आणि गार झाल्यावर तिथनंच गळती सुरू होते. त्यात बऱ्याच गाड्यांत टेंपरेचरचा काटाच काढून नुसता लाल दिवा दिलाय, हे मला तरी अजिबात पटत नाही. आणि काटा असला तरी सेन्सर पाण्यात बुडलेला लागतो, पाणीच गळून गेलं तर काटा खाली येतो आणि माणूस निवांत गाडी हाणत राहतो.

आपल्याकडच्या दोन जुन्या सवयी पण यात आहेत. एक म्हणजे "वॉल काढून टाक, गाडी गार राहील" म्हणून थर्मोस्टॅट फेकून देणं. आजच्या गाडीत त्यानं इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, आणि काही इंजिनात तर बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट) उघडा राहून उलट जास्तच तापतं. दुसरी म्हणजे बोअरचं पाणी. मिरज-वाळव्याकडं जिथं जमीनच क्षारपड झालीय तिथलं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की आत थर बसणारच. उसाच्या ट्रॅक्टरला वेगळाच त्रास, सीझनमध्ये पाचटाचा भुगा जाळीत बसून हवाच जात नाही.

शोधताना आधी गाडी तापते कधी ते विचारायचं. सिग्नलला उभी असताना तापते आणि पळवली की गार होते तर फॅन, त्याची मोटर नाहीतर रिले. चढाला किंवा हायवेला तापत असेल तर रेडिएटर चोक, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट. बाहेर कुठं गळत नाही तरी पाणी कमी होतंय, गार इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरचा रबरी होज कडक होतोय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तर गॅस्केटवर संशय घ्यायचा. ऑइल चहासारखं झालं असेल तर पाणी आत गेलंय, पण नुसत्या ऑइलच्या झाकणाला आतनं पांढरट साय दिसली म्हणून घाबरू नका, थंडीत जवळच्या जवळ चालवलेल्या गाडीत ती येते. पक्कं करायला निळ्या लिक्विडची टेस्ट असते, पाण्यात सिलेंडरचा गॅस येत असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं.

हेड काढलंच तर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघायचं, ०.०५ ते ०.१ मिमीच्या वर फट म्हणजे बहुतेक गाड्यांत फेस मारायला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला द्यावं लागतं. मात्र ज्या हेडात कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) बसतो ते खालनं घासून सपाट झालं तरी वरची कॅमची भोकं वाकडीच राहू शकतात, त्यामुळं फेस मारून आलेल्या हेडात वॉल्व्ह बसवायच्या आधी नुसता कॅम ठेवून तो हातानं फिरतोय का ते मिस्त्रीला आपल्यासमोर दाखवायला सांगा, अडकत असेल तर ते हेड परत बसवू देऊ नका.